खुर्चीचं चर्च, छत्रीचं चर्च

चर्च म्हणजे चर्च, एवढंच मला ठाऊक होतं. गडमुडशिंगीत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. तिथं चर्चचा विषय निघायचं काही कारण नसतं. पण आमच्या भिशीच्या बायकांनी जानेवारी २०२५ मध्ये गोव्याची सहल ठरवली. गाडीवाल्यानं कार्यक्रमाचा कागद प्रती काढायला माझ्याकडंच पाठवला. त्यात मंगेशी, शांतादुर्गा, मिरामार यांच्याखाली दोन नावं होती, ‘बॅसिलिका ऑफ बॉम जीझस’ आणि ‘से कॅथेड्रल’. दोन्ही जुन्या गोव्यात, एकाच रस्त्याच्या अलीकडं-पलीकडं. दोन्हीत ‘चर्च’ हा शब्दच नव्हता. शेजारच्या आक्कांनी कागद वाचला आणि विचारलं, “ह्यातलं मोठं कुठलं गं? मोठ्याला आदी जाऊया, मग पाय दुखाय लागत्यात.” मला सांगता येईना. “तुज्याकडं कॉम्प्युटर हाय न्हवं? मग गाडीत माइकवर तूच सांग समद्यास्नी,” असं म्हणून त्या प्रती घेऊन गेल्या. झेरॉक्सचे पैसे राहिले ते राहिलेच.

माझ्याजवळ एक आयती फूटपट्टी होती. आसपासच्या गावांतल्या देवस्थानांचे प्रस्ताव माझ्या मशीनवरून जातात. ग्रामपंचायतीचा ठराव, सातबारा, यात्रेचे फोटो, भाविकांची अंदाजे संख्या, सगळं एकत्र बांधून ‘क वर्ग तीर्थक्षेत्र’ व्हावं म्हणून जिल्हा नियोजन समितीकडं. त्याच्यावर ब वर्ग, त्याचा निर्णय मंत्रालयात. सगळ्यांत वर अ. चर्चचंही असंच असणार. गावातलं साधं चर्च क, कॅथेड्रल ब, बॅसिलिका अ. वहीच्या मागच्या पानावर मी तसं पट्टीनं रेघा मारून लिहिलं आणि आक्कांना फोन लावला, बॅसिलिका मोठं. “नक्की न्हवं?” त्या म्हणाल्या. कुणी असं विचारलं की माझी खात्री तिथंच निम्मी होते.

कोल्हापुरात माझ्या माहितीचं चर्च एकच, न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल. मध्यवर्ती स्टँडकडं जाता-येता दिसतं. कागदाचे रिम आणायला गेले तेव्हा आत शिरले. बाकं पुसत असलेल्या एका गृहस्थांना विचारलं, “दादा, हे कुठल्या वर्गात येतं? कॅथेड्रल की बॅसिलिका?” त्यांनी आधी मला बसायला सांगितलं, मग पाणी दिलं, आणि मग म्हणाले, “ताई, आम्ही प्रोटेस्टंट.” रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं हे चर्च. परंपरा प्रेस्बिटेरियन. तिच्यात पोप नाही, बिशपही नाही. कारभार वडीलधाऱ्यांच्या मंडळाकडं. आणि बॅसिलिका ही तर पोपनं द्यायची पदवी. “तुम्ही कॅथलिकांना विचारा,” ते म्हणाले, आणि ज्या आपुलकीनं मला फाटकापर्यंत सोडायला आले, त्यावरून माझा प्रश्न किती वेडगळ होता ते कळलं. ख्रिश्चन म्हणजे सगळे एकच असा माझा आजवरचा समज होता. म्हणजे वर्गवारी शिकायला निघाले होते आणि मुळाक्षरंच येत नव्हती.

कॅथलिक तर आमच्या गल्लीतच होत्या. आजऱ्याकडच्या एक नर्स आमच्यात भाड्यानं राहतात. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. नाताळात त्यांच्याकडून डब्यातून नेवऱ्या येतात, यापलीकडं त्यांच्या धर्माशी माझी ओळख नव्हती. संध्याकाळी वही घेऊन गेले. माझं अ-ब-क बघून त्या इतक्या हसल्या की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरल्या.

“वहिनी, तुम्ही शिडी केलीय. ही शिडी न्हाई.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत उतरवून घेतलं. कॅथलिकांचा मुलूख धर्मप्रांतांत वाटलेला असतो. प्रत्येक धर्मप्रांताला एक बिशप, आणि त्या बिशपची खुर्ची ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल. इमारत लहान असो, साधी असो, खुर्ची तिथं म्हणून ते त्या प्रांताचं मुख्य चर्च. बॅसिलिकाचा खुर्चीशी संबंध नाही. तो पोपनं एखाद्या चर्चला दिलेला मान. मानाची खूण म्हणून एक छत्री आणि एक घंटा मिळते. याशिवाय रोजच्या प्रार्थनेचं, लग्न-बाप्तिस्म्याचं चर्च असतं ते धर्मग्रामाचं. गोव्यात त्याला फिर्गज म्हणतात. आणि जिथं लोक लांबून नवसाला येतात ते तीर्थस्थान. एकच चर्च यातलं दोन-तीनही असू शकतं. चेन्नईचं सान थोम कॅथेड्रल तर आहेच, १९५६ पासून बॅसिलिकाही आहे. कोचीचं सांताक्रूझ १९८४ पासून तसंच. उलट वेळांकणीला एवढी गर्दी लोटते, १९६२ पासून ते बॅसिलिका आहे, पण बिशपची खुर्ची तिथं नाही. ती तंजावरच्या चर्चमध्ये.

मी रेघा मारलेलं पान फाडलं आणि नव्या पानावर वर्गांच्या जागी प्रश्न लिहिले. खुर्ची कुणाची? मान कुणी दिला? लोक कशाला येतात? मग सहज म्हणून विचारलं, “आपल्या कोल्हापूरचा बिशप कुठं असतो, पुण्याला?”

“सावंतवाडीला,” सिस्टर म्हणाल्या. पुणे धर्मप्रांतातून २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा काढला. त्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि आपला कोल्हापूर जिल्हा. “तुम्ही आंबोलीतनंच जाणार न्हवं? मग कोल्हापूरच्या कॅथेड्रलवरनंच जाताय की.”

जिल्ह्यातली सगळी तालुक्याची ठिकाणं मला पाठ आहेत असं मी माझ्या मुलांना नेहमी ऐकवत असते.

पुढचे काही दिवस गिऱ्हाईक नसलं की मी कॉम्प्युटरवर वाचत बसायची. बॅसिलिकांतही दोन जाती निघाल्या, मेजर आणि मायनर. मी मनाशी थोरली आणि धाकटी करून घेतलं. थोरल्या चारच, आणि चारही रोममध्ये: सेंट जॉन लॅटरन, सेंट पीटर, शहराच्या तटाबाहेरचं सेंट पॉल, आणि सांता मारिया माज्जोरे. या चौघींना एकेक पवित्र दरवाजा आहे. तो एरवी बंद असतो आणि ज्युबिली वर्षात उघडतात. आमच्या सहलीच्या आधीच, २०२४ च्या नाताळच्या आदल्या रात्री, सेंट पीटरचा उघडला होता. इथपर्यंत सोपं होतं. पण एका ठिकाणी चारऐवजी पाच नावं, आणि ‘पोपच्या’ऐवजी ‘पेट्रिआर्कल’ असा शब्द. मी ती छपाईची चूक समजून खोडली. नंतर कळलं की दोन्ही बरोबर. जुन्या पद्धतीत तटाबाहेरचं सेंट लॉरेन्स धरून पाच ‘पेट्रिआर्कल’ बॅसिलिका म्हणत. २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ‘पश्चिमेचा पेट्रिआर्क’ ही स्वतःची एक पदवी सोडली, त्यामुळं बॅसिलिकांचं ते नावही गेलं. चार थोरल्या तेवढ्या राहिल्या. शाईपेनानं खोडलेलं पुन्हा लिहिता येत नाही, म्हणून ते पानही बदलावं लागलं.

खरा धक्का पुढं होता. माझ्या दुकानात स्पर्धा परीक्षेची पोरं येतात. जगातलं सर्वांत मोठं चर्च कुठलं, तर सेंट पीटर, हे त्यांना झोपेतही येतं. आकारानं ते खरं आहे. पण मानानं पहिलं ते नाही. पोप हा रोमचा बिशप, आणि बिशप म्हटल्यावर त्याला खुर्ची हवी. ती खुर्ची सेंट पीटरमध्ये नाही, शहराच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या लॅटरनमध्ये आहे. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात उभं राहिलेलं हे चर्च. शहरातल्या आणि जगातल्या सगळ्या चर्चची आई आणि प्रमुख, असा लॅटिन लेखच त्याच्या दर्शनी बाजूला कोरलेला आहे. टीव्हीवर पोप दिसतो तो नेहमी सेंट पीटरच्या सज्जात, म्हणून सगळ्यांना तेच त्याचं चर्च वाटतं. हे मी त्या पोरांना उत्साहानं समजावून सांगितलं. एक जण म्हणाला, “काकू, प्रश्नपत्रिकेत चार पर्याय असतात, त्यात लॅटरन नसतं.”

आणि असिसी गावात आणखी दोन आहेत. त्यांना पोपच्या बॅसिलिका म्हणतात पण मोजतात धाकट्यांत. हे मी आक्कांना सांगितलं तेव्हा त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर पटलं. “म्हंजे आपल्या साडेतीन पीठांगत. एक अर्धं असतंयच कुटंतरी.”

बाकी जगभरातल्या दीड हजारांहून जास्त बॅसिलिका सगळ्या धाकट्या. ही पदवी मिळते कशी, हे वाचताना मात्र मला माहेरी आल्यासारखं वाटलं. प्रस्ताव! त्याचे नियम रोमच्या उपासना खात्यानं ९ नोव्हेंबर १९८९ रोजी काढले. त्या प्रांताच्या बिशपनं अर्ज करायचा, देशाच्या बिशप मंडळाची संमती जोडायची, आणि रोमहून आलेली लांबलचक प्रश्नावली भरायची. चर्च किती मोठं, कधी बांधलं, विधिवत अर्पण झालंय का, संताचे अवशेष किंवा लोकांची श्रद्धा असलेली मूर्ती आहे का, धर्मगुरू किती, पापनिवेदन ऐकायला पुरेसे आहेत का, गाणारं मंडळ आहे का, वेदीभोवती जागा किती. सोबत फोटो. मी प्रत्येक मुद्द्याला मान डोलवत गेले. असे कागद लावण्यात माझी हयात गेली आहे.

मिळतं काय ते बघितलं आणि गोंधळले. लाल-पिवळ्या पट्ट्यांची रेशमी छत्री, अर्धवट उघडी ठेवायची. काठीवर बसवलेली एक घंटा, मिरवणुकीत पुढं न्यायची. पोपच्या दोन किल्ल्यांची फुली चर्चच्या शिक्क्यावर वापरायची मुभा. तिथल्या मुख्य धर्मगुरूला काळा आखूड खांदेझगा, लाल काठाचा आणि लाल बटणांचा. (खांदेझगा हे भाषांतर माझं, सिस्टरांना ते अजिबात आवडलेलं नाही.) काही ठरावीक दिवशी तिथं येऊन पापनिवेदन, कम्युनियन, पोपसाठी प्रार्थना असं सगळं नेमानं करणाऱ्या भाविकाला पापाच्या शिक्षेची पूर्ण माफी. आणि चर्चनं काही सण जास्त थाटानं करायचे, २२ फेब्रुवारीचा पीटरच्या आसनाचा, २९ जूनचा पीटर आणि पॉलचा. मी खाली खाली वाचत गेले. “सिस्टर, निधी किती मिळतो हे कुठं दिलंय?” त्या म्हणाल्या, निधी नसतो. क वर्ग झाला तर निदान भक्तनिवास आणि रस्त्याचं डांबरीकरण होतं. इथं एवढी प्रश्नावली भरून छत्री. “मान असतो की वहिनी,” त्या म्हणाल्या, आणि त्यावर मला पुढं काही विचारता आलं नाही.

एक गोष्ट जाता जाता. रोमन काळात कोर्टकचेरी आणि व्यवहार चालायचे त्या लांबलचक खांबांच्या दालनालाही बॅसिलिका म्हणत आणि सुरुवातीची मोठी चर्चं त्याच धर्तीवर बांधली. त्यामुळं इमारतींच्या पुस्तकात बॅसिलिका म्हणजे एक आकार आणि चर्चच्या कागदात एक पदवी. पदवी नसलेलं चर्च आकारानं बॅसिलिका असू शकतं, हे वाचल्यावर मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

सहलीच्या दिवशी गडहिंग्लज सोडल्यावर माइक हातात आला. तो आधी किंचाळला, मग मी बोलायला लागले. मी तयारी चांगली केली होती. रोमच्या चारांपर्यंत बायका ऐकत होत्या, ‘मायनर’ला आल्यावर पाठीमागून आवाज आला, “मायनर म्हंजे अज्ञान? सातबाऱ्यावर अ.पा.क. लिवत्यात तसं? मग ह्या चर्चचं पालन कोण करतंय?” गाडीत हशा पिकला. मी म्हटलं, पोप करतो. उत्तर फार चुकीचं नव्हतं असं मला अजूनही वाटतं. पण तोवर कुणीतरी चिवड्याचा डबा उघडला होता आणि आजऱ्यापर्यंत माइकवर गाणी चालली.

सावंतवाडीत मोती तलावाजवळ चहाला थांबलो. मी हट्टानं सगळ्यांना मिलाग्रिस चर्चकडं नेलं, कोल्हापूरचं कॅथेड्रल दाखवायला. वेळ नव्हता, बाहेरूनच बघितलं. बायका माझ्याकडं आणि चर्चकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. त्यांना वाटलं होतं निदान किल्ल्याएवढं असेल. मी सांगत होते, हे गोव्याच्या त्या बॅसिलिकेपेक्षा आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीनं वरचं, कारण आपल्या जिल्ह्याचा बिशप इथं बसतो. आमच्यात एकही कॅथलिक नव्हती, त्यामुळं ‘आपला बिशप’ हे कुणाला फारसं लागू पडलं नाही. “बरं, मोठं आदी झालं,” आक्का म्हणाल्या. “आता ल्हान बगूया.” आणि गाडी बांद्याकडं निघाली.

ते ‘ल्हान’ बघून सगळ्या गप्प झाल्या. बॉम जीझसच्या पायाचा दगड २४ नोव्हेंबर १५९४ रोजी बसला आणि १६०५ मध्ये ते अर्पण झालं. बाहेरून सगळा जांभा उघडा. आक्कांनी भिंतीवरून अंगठा फिरवला, लाल भुकटी हाताला लागली. “चारशे वर्सं झाली आन् ह्यास्नी गिलावा कराय जमला न्हाई?” मला हे वाचून माहीत होतं, म्हणून मी घाईनं सांगितलं की गिलावा होता, गेल्या शतकात पन्नासच्या दशकात पोर्तुगीजांनीच तो जुनेपणा दिसावा म्हणून खरवडून काढला. तेव्हापासून पाऊस थेट जांभ्यात मुरतो आणि तो पुन्हा करावा की करू नये यावर वाद चालू आहे. दर्शनी बाजूचं नक्षीकाम मात्र काळ्या बसाल्टचं, तो दगड वसईहून आणलेला. वर मधोमध आयएचएस ही तीन अक्षरं. ती येशूच्या नावाची, आणि चर्च बांधणाऱ्या जेसुइट संघाची खूण. “आयएसओ असतंय तसं?” एकीनं विचारलं. मी हो म्हटलं नाही, पण नाही म्हणायलाही अंमळ उशीर झाला.

आत उजव्या हाताला सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी, गोव्यात ज्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. ते १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले आणि पुढं त्यांचं शरीर गोव्यात आणलं. समाधीचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकनं, तिसऱ्या कोसिमो मेदिचीनं पाठवला. फोजिनी या फ्लॉरेन्सच्या शिल्पकारानं तो घडवला आणि १६९८ मध्ये इथं जोडला. त्याच्या बाजूंवर संताच्या आयुष्यातले प्रसंग ब्राँझमध्ये आहेत. पण आमच्या बायकांचे डोळे त्याच्याही वर, चांदीच्या पेटीवर. आमच्यात हुपरीच्या माहेराची एक जण आहे, तिचं बालपण चांदीच्या भट्टीशेजारी गेलं. ती मान मागं टाकून इतका वेळ बघत राहिली की रांग अडली. “ही साच्याची न्हाई,” ती म्हणाली, “पत्र्यावर मागनं ठोकून उठवलीया. आन् हात एकाचा न्हाई, लई जणांचा हाय.” ती पेटी सतराव्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडवली, एवढं मी वाचलं होतं. ठोकणीचं मात्र मला तिच्याकडूनच कळलं. ज्या कामासाठी माझ्या हातात माइक दिला होता ते काम तिनं माइकशिवाय केलं.

या चर्चला बॅसिलिकेचा मान मिळाला १९४६ मध्ये, भारतात पहिला. म्हणजे इमारत चारशे वर्षांची आणि पदवी आमच्या आक्कांच्या वयाची. मी आता खुणा शोधायला लागले. पट्ट्यांची छत्री कुठं दिसते का, काठीवरची घंटा कुठं आहे का. सोन्याच्या वेदीकडं बघितलं, खांबांकडं बघितलं, मागून रांग ढकलत होती. बाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या एका बाईंना विचारलं, “मावशी, इथली छत्री कुठं ठेवलेली असते?” त्यांनी आधी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. “छत्री? आतां पावस खंय आसा, बाय?”

रस्ता ओलांडून से कॅथेड्रल. इथं मला आक्कांच्या पहिल्या प्रश्नाचा अर्धा तरी निकाल लागला, कारण हे डोळ्यांना सरळ मोठं दिसतं. लांबी सुमारे २५० फूट. काम १५६२ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या शतकापर्यंत रेंगाळलं. सेंट कॅथरिनच्या सणादिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकर्कनं गोवा जिंकलं, म्हणून चर्च तिच्या नावाचं. समोरून बघितलं तर एका अंगाला मनोरा आहे आणि दुसऱ्या अंगाला नाही. तो १७७६ मध्ये पडला आणि कुणी परत बांधला नाही. उरलेल्यात मोठी घंटा आहे, तिला सोन्याची घंटा म्हणतात. एवढं सगळं असून हे बॅसिलिका नाही. त्याला गरजही नसावी. गोवा आणि दमणच्या आर्चबिशपची खुर्ची इथं आहे आणि त्या आर्चबिशपला १८८६ पासून ‘पूर्वेच्या इंडीजचा पेट्रिआर्क’ असा किताबही आहे. पोप बेनेडिक्ट यांनी २००६ मध्ये सोडलेला तो शब्द इथं चालतच राहिला, हे बघून मला उगीचच जुनं ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं.

बायकांना खुर्ची बघायची होती. मी वेदीकडं बोट दाखवून “ती” म्हटलं, पण तिथं खुर्च्या एकापेक्षा जास्त होत्या. शेवटी फुलदाण्या सारख्या करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी आम्हाला दाखवून दिली आणि वर एक गोष्ट सांगितली. ती माझ्या कॉम्प्युटरनंही सांगितली होती, पण तेव्हा तिचा अर्थ लागला नव्हता. दर दहा वर्षांनी संताच्या शरीराचं दर्शन ठेवतात. या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं, म्हणजे आम्ही यायच्या थोडंच आधी संपलं होतं. त्या दिवसांत चांदीची पेटी बॅसिलिकेतून काढून मिरवणुकीनं रस्त्यापलीकडं इथं, कॅथेड्रलमध्ये आणतात. इथं जागा आहे, आणि मालकी कुणाची का असेना, प्रांताचं मुख्य चर्च हेच. दर्शन संपलं की पेटी परत छत्रीच्या चर्चमध्ये. संत राहतात एकीकडं आणि दर्शन देतात दुसरीकडं, आणि दोघांत कोण मोठं याचा वाद घालायला तिथं कुणालाच सवड नसते. त्या गृहस्थांना मी विचारलं, “मग दोन्हीतलं वरचं कुठलं?” ते म्हणाले, “तुम्ही कोल्हापूरच्या ना? तुमचं सावंतवाडीला आहे.” आक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत पहिल्यांदाच थोडा आदर होता, झेरॉक्सचे पैसे मात्र अजून आलेले नाहीत.

परत आल्यावर एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना सेंट पीटरमध्ये न पुरता सांता मारिया माज्जोरेत पुरलं. दुकानातल्या टीव्हीवर ते नाव ऐकलं आणि मी ओरडले, “थोरल्यातलं आहे!” आधारकार्डाची झेरॉक्स घ्यायला आलेला माणूस दचकून दोन पावलं मागं सरला.

आता भिशीत वांद्र्याच्या मोत माउलीच्या चर्चला जायचं चाललंय. आठ सप्टेंबरनंतरच्या रविवारी तिथली जत्रा सुरू होते, लोक मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. आत्ताची इमारत १९०४ ची आणि बॅसिलिकेचा मान १९५४ चा. मी कागद तयार केला आणि सिस्टरांना तपासायला दिला. त्यांनी एकाच ठिकाणी पेन टेकवलं. मी लिहिलं होतं, मुंबईचं कॅथेड्रल फोर्टमधलं सेंट थॉमस.

“कॅथलिकांचं कॅथेड्रल कुलाब्याला, होली नेमचं. हे सेंट थॉमस इंग्रजांचं, १७१८ चं. आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडं.”

“म्हणजे ते प्रोटेस्टंट? मग तिथं खुर्ची कुणाची?”

“बिशपची.”

“पोप नाही, पण बिशप आहे?”

“हाय की.”

वायल्डरमध्ये दोन्ही नव्हते. मी ते वहीत लिहून घेतलं, त्याच्याखाली रेघ मारली, आणि मग आठवलं की रेघा मारायच्या नाहीत असं ठरलं होतं. गाडीवाल्याला विचारून ठेवलंय, वांद्र्याहून कुलाब्याला जाताना फोर्टात दहा मिनिटं थांबायचे जादा किती घेणार. त्यानं विचारलं, “तिथं काय बघायचंय?” मी म्हटलं, खुर्ची.